कडी नसलेलं दार

मेडिसिनच्या शिक्षणाचं माझं दुसरं वर्ष चालू होतं. सोलापुरातल्या एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी निवासी डॉक्टर होतो. निवासी म्हणजे खरोखरच निवासी. हॉस्टेलची खोली नावाला. खाणं, झोपणं, भांडणं सगळं वॉर्डाच्या आसपास. उन्हाळा लागला होता. वॉर्डातले पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. अशाच एका दुपारी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी सगळ्या निवासी डॉक्टरांना सेमिनारच्या खोलीत बोलावलं.

हॉस्पिटलच्या कामाचा दर्जा सुधारायचा, असं ट्रस्टनं ठरवलं होतं. त्यासाठी समिती होती, समितीत सगळे ज्येष्ठ होते. मॅडमचं म्हणणं मात्र वेगळं होतं.

"आम्ही मोठी माणसं वॉर्डात येतो, राउंड घेतो आणि जातो," त्या म्हणाल्या. "राहता तुम्ही. काय बिघडलंय ते तुम्हाला दिसतं. तेव्हा प्रत्येक युनिटच्या पोरांनी एक गोष्ट शोधायची, ती सुधारायची आणि सुधारली की नाही ते मोजून दाखवायचं. मोठं काही नको. खरं पाहिजे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. झोपेला वेळ नाही आणि त्यात हे. बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, "आता फरशीपण आपणच पुसायची का?" आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

माझ्या युनिटात माझ्या हाताखाली पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, लातूरकडची. बोलणं कमी, काम चोख. ती मला सर म्हणायची, पण आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं. तिनं सुचवलं की हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांचं वजन रोज करू या. अशा रुग्णांच्या अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या की ते पाणी उतरतं आणि वजन कमी होतं. वजन रोज व्हावं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण आमच्या वॉर्डातला काटा कधीचा बिघडलेला होता. मला कल्पना आवडली, कारण सोपी होती. आम्ही नवा काटा मिळवला आणि रोज सकाळी दोन्ही वॉर्डांत, पुरुषांच्या आणि बायकांच्या, वजनं करायला लागलो.

थोड्याच दिवसांत एक विचित्र गोष्ट दिसली. पुरुषांची वजनं उतरत होती. बायकांची जागच्या जागी होती, एकदोघींची तर वाढतच होती. गोळ्या त्याच, डोस तोच.

"मीठ," मी म्हणालो. "डबे घरून येतात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दुसरं काय?"

ज्युनिअर म्हणाली, "डबे तर पुरुषांनाही घरूनच येतात, सर."

मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर मंगळवेढ्याकडच्या एका गावची बाई होती. पन्नाशीची असेल. कोरडवाहू शेतात राबून काटक झालेलं शरीर, पण पाय एवढे सुजलेले की जोडवी रुतायची. सोबत तिची जाऊ राहायची. आली तेव्हा तिला इंजेक्शनं दिली, त्यानं दम कमी झाला, मग गोळ्या सुरू केल्या आणि तिथून गाडी उलटी फिरली. रोज काट्यावर उभी राहायची आणि रोज काटा थोडा पुढं गेलेला असायचा. राउंडला आमच्या युनिटच्या सरांनी मला विचारलं, "हिला तू काय देतोयस, गोळ्या की साखर?" सगळे हसले. गोळीचा डोस वाढवला. तरी काही फरक नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खाटेशी गेलो तो चिडूनच.

"मावशी, मीठ बंद करायला सांगितलं होतं ना?"

"सोडलंय की वो डॉक्टर. आळणीच खातीय."

"मग वजन कसं वाढतंय? चटणी खाताय तुम्ही."

"न्हाय वो. इट्टलाशप्पत."

"पिशवी दाखवा."

तिच्या जावेनं पिशवी छातीशी धरली. हे बघून माझी खात्रीच झाली. मी आवाज चढवला. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. शेवटी जावेनं पिशवी खाटेवर ठेवली आणि मी, एवढा शिकलेला माणूस, एका बाईच्या पिशवीत हात घालून तिच्या वस्तू एकेक करून बाहेर काढायला लागलो. धुतलेलं लुगडं. कंगवा. खोबरेल तेलाची बाटली. एक जुना परकर. चटणी नव्हती. तळाशी एक रुमाल होता, गाठ मारलेला. मी गाठ सोडली आणि त्यातून गोळ्या खाटेवर पसरल्या. आमच्याच गोळ्या. बऱ्याच होत्या.

"या घेत का नाही तुम्ही?" मी विचारलं. माझा आवाज अजून चढाच होता, कारण तो उतरवायचा कसा हे मला कळत नव्हतं. "आम्ही इथं वेडे आहोत का?"

तिनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. जावेनं परकर उचलला, घाईनं घडी घातली आणि पिशवीत खुपसला. त्या घाईकडं बघताना माझे कान तापले.

ज्युनिअर माझ्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर गेलो. दारातून मला दिसलं की तिनं जावेला खाटेवरची चादर धरायला सांगितली, पडद्यासारखी, आणि ती आत टेकली. पलीकडच्या खाटेवरची बाईही उठून त्यांच्यात गेली. मग कुणीतरी दबक्या आवाजात हसलं, मग कुणी रडल्यासारखं वाटलं.

ज्युनिअर बाहेर आली ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"गोळी घेतली की सारखं जावं लागतं, सर. संध्याकाळची गोळी घेतली की रात्रभर. आणि वॉर्डाच्या टोकाचं जे संडास आहे ना, त्याला आतून कडी नाही. नातेवाइकांचं खालचं तुंबलंय, म्हणून पुरुषही वर इथंच येतात. आधी जाऊ दार धरून उभी राहायची. एकदा ती चहा आणायला गेली होती आणि एका माणसानं दार उघडलं. मावशी आत होत्या. तेव्हापासून गोळी तोंडात धरायची आणि सिस्टर पुढं गेल्या की काढून ठेवायची."

"बाकीच्या?"

"बाकीच्या पण. कुणी गोळी अर्धी करते, कुणी पाणीच पीत नाही. त्या पलीकडच्या चाची म्हणाल्या, 'दरवाजे कू कुंडी नै, डॉक्टर, गोली कैसे खाना?'"

मी म्हणालो, "मग सांगायचं ना आम्हाला."

"कुणाला सांगायचं, सर? राउंडला सात-आठ पुरुष उभे असतात." मग ती म्हणाली, "मी तरी कुठं सांगितलं?"

"म्हणजे?"

"ड्यूटीवर मीपण पाणी पीत नाही. आपल्या ड्यूटीच्या खोलीत एकच बाथरूम आहे, तुम्हा सगळ्यांचं. त्याची कडी अर्धीच लागते. म्हणून मी हॉस्टेलला जाऊन येते."

ती मधेच गायब होते म्हणून मी तिला दोनदा तरी सगळ्यांसमोर बोललो होतो. एकदा तर, "फिरायला आलीस का इथं?" असं म्हणालो होतो. तिनं त्याची आठवण करून दिली नाही. मला ती आपली आपणच झाली. आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये उभे होतो आणि मला माझे हात कुठं ठेवावेत ते सुचेना.

मग मी ते संडास बघायला गेलो. त्या वॉर्डात मी इतके महिने रोज येत होतो, पण त्या टोकापर्यंत कधीच गेलो नव्हतो. दार होतं. कडीच्या जागी चार भोकं होती आणि भोवतीचं लाकूड कुजलेलं. आतल्या बाजूनं एक खिळा आणि त्याला सुतळी बांधलेली. सुतळी हातात धरून बसलं तर दार ओढून ठेवता येत असावं. खाली अर्धी वीट होती, दाराला लावायला. दिवा नव्हता. मी आत गेलो, दार लावलं आणि सुतळी धरून बघितली. एका हातात सुतळी, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली, असं सुजलेल्या पायांवर बसायचं, हा विचार मनात आला आणि मी तसाच उभा राहिलो.

बाहेरून दाराला धक्का बसला.

"कोन हाय आत?" बाईचा आवाज.

मी दार उघडलं. समोर दोन बायका, एकीच्या हातात पाण्याची बाटली. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला पुरुष डॉक्टर बायकांच्या संडासातून बाहेर येताना बघून दोघींनी माना खाली घातल्या आणि त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मला सांगायचं होतं की मी बघायला आलो होतो. पण ते सांगण्यासारखं वाक्य तयार होईना. मी त्यांच्यासमोरून घाईघाईनं निघून गेलो. त्यांच्या लेखी त्या दारात उभ्या राहणाऱ्या पुरुषांत आणखी एकाची भर पडली होती, आणि ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी मी आईला फोन केला. आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. मी शाळेत होतो तोवर आमच्या घरी संडास नव्हतं. आम्ही पोरं कधीही, कुठंही जायचो. आई आणि आत्या उजाडायच्या आत उसाच्या फडाकडं जायच्या, आणि दिवसभरात पुन्हा जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आई, तेव्हा दिवसा लागली तर तू काय करायचीस?"

ती हसली, पण ते हसणं अवघडलेलं होतं.

"असलं विचारतात व्हय आईला? डॉक्टर झालास म्हणून काय बी विचारशील?"

"सांग ना."

"काय करनार? दम धरायचा. पानी कमी प्यायचं. समद्याच तसं करायच्या." मग म्हणाली, "जेवलास का?"

आमच्या वजनाच्या प्रकल्पाचं आता कडीच्या प्रकल्पात रूपांतर झालं. आम्ही देखभाल विभागाकडं गेलो. तिथला माणूस म्हणाला, "विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज आणा. मग बघू. सुतार सध्या ऑपरेशन थिएटरच्या कामावर आहे." मॅडम परगावी होत्या. आम्ही युनिटच्या सरांकडं गेलो. ते वाईट माणूस नव्हते, पण हातातल्या रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले, "अरे, दर्जा सुधारणा म्हणजे औषधोपचाराची. हे हाउसकीपिंगचं आहे. दुसरं काहीतरी घे."

तोवर ज्युनिअरनं एवढं केलं की गोळ्यांची वेळ बदलून घेतली. संध्याकाळची गोळी दुपारी, म्हणजे रात्र तरी सुटेल. आणि बायकांनी बायकांपुरती पाळी लावली, एक आत गेली की दुसरी दाराशी उभी. मंगळवेढ्याच्या मावशी गोळी घ्यायला लागल्या. माझ्याशी मात्र त्या बोलत नव्हत्या. मी खाटेशी गेलो की पदर पुढं यायचा आणि उत्तरं जाऊ द्यायची.

पंधरवड्यानं सगळ्या युनिटांनी आपापलं काम समितीसमोर मांडायचं होतं. एका युनिटनं तपासण्यांचे रिपोर्ट मोबाइलवर कसे येतील ते दाखवलं. दुसऱ्यानं हात धुण्यावर चांगली माहिती दिली. मग आमची पाळी. ज्युनिअरनं बोलावं असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "नको सर. एवढ्या पुरुषांसमोर हे मी बोलले तर नंतर वर्षभर तेच ऐकावं लागेल." म्हणून मी उभा राहिलो. पडद्यावर दाराचा फोटो आला. चार भोकं, खिळा, सुतळी.

मागच्या रांगेत कुणीतरी खुसफुसलं. एक ज्येष्ठ डॉक्टर हसून म्हणाले, "म्हणजे आता निवासी डॉक्टरांनी सुतारकी करायची म्हणता?" खोलीभर हशा पिकला. मी पुढची वाक्यं वाचत राहिलो. गोळ्या लपवण्याबद्दल बोललो तेव्हा पुन्हा कुणीतरी हसलं, आणि मला मावशींचा भिंतीकडं वळलेला चेहरा दिसला. त्यांचं नाव मी कुठंच घेतलं नव्हतं. तरी वाटलं, आपण ती पिशवी पुन्हा एकदा उघडतोय, आणि या वेळी हसणाऱ्या माणसांसमोर.

माझं संपल्यावर मॅडम उठल्या. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि एकदाही हसल्या नव्हत्या.

"मी इथंच शिकले," त्या म्हणाल्या. "याच वॉर्डात. तेव्हाही त्या दाराला कडी नव्हती. मीही ड्यूटीवर पाणी पीत नव्हते. मुतखडा झाला मला, दुसऱ्या वर्षी." "तेव्हा कडी मागायची लाज वाटली. आणि पुढं मला केबिन मिळाली, केबिनला बाथरूम होतं. मग त्या दाराचा मला विसर पडला."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. चेहरा लाल झाला होता. हसणारे ज्येष्ठ डॉक्टर समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. त्या दिवशी त्या खोलीत कुणी कुणाकडं नीट बघितलं नाही.

समितीनं काय ठरवलं ते कळायच्या आतच आम्ही चौघं निवासी डॉक्टर मिळून बाजारातून एक मिस्त्री घेऊन आलो. त्यानं कुजलेला भाग कापला, नवी फळी ठोकली आणि आतून जाड कडी बसवली. मग ड्यूटीच्या खोलीतली कडीही त्याच्याकडूनच नीट करून घेतली. देखभालवाले नाराज झाले, आम्हाला न विचारता कसं केलं म्हणून. मॅडमनी ते अंगावर घेतलं. खालचं तुंबलेलं संडास त्यांच्याच रेट्यामुळं पंधरा दिवसांत सुरू झालं आणि पुरुष खाली जायला लागले. बायकांच्या वॉर्डातली वजनं उतरायला लागली. हे मी आनंदानं लिहायला हवं, पण उतरणारा प्रत्येक आकडा बघताना वाटायचं, आधीच्या महिन्यांत या खाटांवरून किती बायका सुजलेल्या पायांनीच घरी गेल्या असतील. त्यांनाही मी मिठावर भाषण दिलं होतं.

मावशींचे पाय उतरले. जोडवी सैल झाली. घरी जायच्या दिवशी जाऊ बिलाच्या खिडकीकडं गेली होती आणि त्या एकट्याच पिशवी भरून बसल्या होत्या. मी गेलो. काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं, पण तिथं पोचल्यावर ते सगळं पुस्तकी वाटलं.

"मावशी, त्या दिवशी मी तुमची पिशवी उघडली. चुकलं माझं."

पदर पुढं आला नाही. त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.

"आमच्या घरच्या मानसानं बी कदी पिशवीत हात घातला न्हाई," त्या म्हणाल्या. "लई वंगाळ वाटलं मला. वाटलं, मरावं, पर हितं न्हाई ऱ्हावं."

मी मान खाली घातली.

"पर कडी लावलीसा, ते ब्येस केलं," त्या पुढं म्हणाल्या. "मागून येनाऱ्या बायांचं भलं झालं."

चुकलं ते माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी त्याची वाट बघत उभा होतो हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेवढ्यात जाऊ आली, दोघी निघाल्या. मी पिशवी उचलायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. पिशवी त्यांची त्यांनीच उचलली.

पुढं आमच्या कामाला एक छोटं बक्षीस मिळालं. समितीनं दाराचा नवा फोटो असलेलं पोस्टर करून कॉरिडॉरमध्ये लावलं; खाली माझं नाव आधी होतं आणि ज्युनिअरचं नंतर. मी जाऊन सांगितलं, नावं उलटी करा. ते म्हणाले, सीनिअरिटीनं असतात नावं. मी आणखी आग्रह धरायला हवा होता. ज्युनिअर म्हणाली, "राहू द्या सर, नावाचं काय एवढं." आता ती स्वतः सीनिअर झाली आहे. तिच्या युनिटात लघवीची गोळी सुरू करायच्या आधी प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारला जातो: मावशी, जायची सोय आहे का? हा प्रश्न चादरीच्या आड, हळू आवाजात आणि फक्त बाईनंच विचारायचा, असा तिचा दंडक आहे.

मावशी अजून तपासणीला येतात, ज्युनिअरच्या ओपीडीत. परवा मी तिथं काही कामासाठी गेलो होतो. त्या तिला सांगत होत्या, "येताना गोळी घेत न्हाई बगा म्या. येष्टीत काय करनार?"

ज्युनिअरनं थोडा विचार करून सांगितलं, "येण्याच्या दिवशी घरी पोचल्यावर घ्या. पण चुकवू नका."

"व्हय, घेते की."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यांनी ओळखलं. पदर डोक्यावर नीट केला, मान जराशी हलवली आणि पुन्हा ज्युनिअरशी बोलायला लागल्या. मी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत बाहेर जाऊन थांबलो.